गाडीला भुरी आली

विळा बुडवून बाहेर काढला की तो तांबूस होतो, किंवा होत नाही.

लोहचुंबक या पत्र्याला चिकटत नाही. हात सोडला की पायावर पडतं.

द्राक्षाच्या पानावर पांढरी पूड धरते. बोटाने पुसली की पान स्वच्छ दिसतं, आणि पुन्हा धरते. तिला भुरी म्हणतात.

ओझरच्या बाजूने विमान उडालं की वऱ्हाडातली पोरं खिडक्यांतून माना बाहेर काढतात. ड्रायव्हर रागावत नाही, गाडी हळू करतो.

जर्मनच्या पातेल्यात ताक ठेवत नाहीत.

डांबराचा डाग रॉकेलने निघतो, पण लगेच नाही.

नवरदेव तयार आहे, वाजंत्री तयार आहेत, इंजिन सुरू आहे, गाडी निघत नाही.

हे सगळं एकाच गाडीचं आहे.

*हिरवी*

गाडी रंगनाथची. निफाडच्या अलीकडे त्याचा द्राक्षाचा मळा होता, आणि मळ्यावर पैसा आला तेव्हा त्याने मुंबईला लिलावात एक जुनी बस घेतली. लग्नसराईत वऱ्हाडं न्यायची, एरवी छाटणीची माणसं. आतला सांगाडा लोखंडाचा होता आणि वरचा पत्रा ॲल्युमिनियमचा. रंगनाथची आई कुसाबाई त्याला जर्मनचा पत्रा म्हणायची, कारण तिच्या घरातली त्याच धातूची भांडी जर्मनची होती. गाडी चालवायला वाल्मीक. तो गावातलाच, अंगाने काटकुळा आणि गाडीच्या बाबतीत इतका हळवा, की स्टिअरिंगला हात लावायच्या आधी हात धोतराला पुसायचा.

रंगवायला गाडी सातपूरला आली, झुंबरच्या शेडमध्ये. हे सत्याहत्तर साल. झुंबरने तोवर कारखान्यांची फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, मालट्रक, एकदा एका पिठाच्या गिरणीचं सगळं यंत्र रंगवलं होतं. रंग फवारायची गन त्याच्या हातात असायची. अक्षरं मात्र त्याची बायको चांगुणा लिहायची. कॉलनीतल्या विहाराची पाटी तिने लिहिली तेव्हापासून तिचं अक्षर लोकांना ठाऊक झालं होतं. ‘हॉर्न द्या’ असं तिने लिहिलं तर वाचणाऱ्याला खरंच द्यावासा वाटायचा.

काम संपलं की गाडीच्या पाठीवर, उजव्या हाताला खालच्या कोपऱ्यात, पेंटर आपलं नाव घालतो. ही सगळीकडची रीत. चांगुणाने बारीक ब्रशने लिहिलं: पेंटर झुंबर, सातपूर.

झुंबरने ती गाडी लोखंडासारखी रंगवली. आधी तांबडा रेडॉक्साइड, मग खड्डे बुजवायची लांबी, मग हिरवा. दुसऱ्या धातूला रंग कसा द्यायचा हे त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही माहीत नव्हतं. गाडी शेडमधून निघाली तेव्हा केळीच्या नव्या पानासारखी दिसत होती. रंगनाथने पेढे वाटले.

एक पावसाळा गेला. हिरव्याखाली फोड आले. आधी तांदळाएवढे, मग रुपयाएवढे, मग तळव्याएवढे. नखाने टोचलं की पापुद्रा निघायचा आणि आतून पांढरी भुकटी सांडायची.

*तांबडी*

रंगनाथ चिडला नाही. पहिल्या वेळी माणूस चिडत नाही. झुंबरराव, पुन्हा करा, एवढंच म्हणाला.

झुंबरने पुन्हा केलं, आणि या वेळी सगळं बळ लावून. जुना रंग काढायला पाण्यात कॉस्टिक सोडा कालवून पत्र्यावर ओतला. चांगुणा म्हणाली की धुण्याच्या सोड्याने जर्मनचं पातेलं काळं पडतं, सोडा पत्र्याला खातो. झुंबरने तिला सांगितलं की पातेलं ते पातेलं आणि गाडी ती गाडी. मग लोखंडी तारांच्या ब्रशने त्याने पत्रा इतका घासला की शेडमध्ये उभं राहून त्यात भांग पाडता आला असता. त्या घासण्यात लोखंडाचे बारीक कण मऊ पत्र्यात रुतून बसले. ते कुणाला दिसले नाहीत.

वर तांबडा रंग दिला. चांगुणाने कोपऱ्यात नाव लिहिलं.

या वेळी फोडांनी पावसाची वाट पाहिली नाही.

मळ्यातली माणसं गाडीभोवती जमली. पांढरी पूड बोटावर घेऊन पाहिली, आणि एकजण हसत म्हणाला की गाडीला भुरी आली. तेच नाव पडलं. रंगनाथची भुरीवाली गाडी. येवल्यापासून दिंडोरीपर्यंत ती लग्नाला जायची, मांडवाच्या बाजूला उभी राहायची, आणि चहाची वाट बघणारे पाहुणे तिच्या पाठीमागे विडी ओढत कोपऱ्यातलं नाव वाचायचे. सगळ्या तांबड्या अंगाचे पोपडे निघालेले आणि खाली सुरेख अक्षरात झुंबरचं नाव. वर्तमानपत्रात जाहिरात देऊनही इतकी माणसं वाचती ना.

शेडमध्ये येणारे ट्रक कमी झाले. एका ट्रकवाल्याने तोंडावर सांगितलं की तुझ्या हाताला गुण नाही. हात म्हणताना लोक काय काय म्हणतात हे झुंबरला लहानपणापासून ठाऊक होतं. पण त्या दिवसापासून त्याला एकच गोष्ट हवी होती: त्या गाडीच्या कोपऱ्यातलं आपलं नाव लाज न वाटता वाचता यावं.

*मेव्हणा*

चांगुणाचा धाकटा भाऊ कारभारी ओझरच्या विमानांच्या कारखान्यात रंगखात्यात कामाला होता. रविवारी बहिणीकडे जेवायला यायचा आणि दाजींची थट्टा करून जायचा. त्या रविवारी तांबडी गाडी जाता जाता शेडसमोर थांबली होती. जेवण झाल्यावर तो तिच्याजवळ गेला, एका फोडावर नख मारलं, भुकटी फुंकली आणि थट्टा विसरला.

“दाजी, लोखंड सडलं की लाल होतं. हे सडलं की पांढरं होतं,” तो म्हणाला. “तुम्ही लालच्या औषधाने पांढरं बरं करताय.”

मग त्याने जे सांगितलं ते झुंबरने शेडच्या पायरीवर बसून ऐकलं. हा पत्रा आणि लोखंड एकमेकांना टेकले आणि मध्ये ओल आली की सडतो तो पत्राच, लोखंड मजेत राहतं. म्हणून दोघांच्या मध्ये काहीतरी घालायचं, रबर घाला, कापड घाला, पण टेकू द्यायचं नाही. या पत्र्याला लोखंडी ब्रश कधीच लावायचा नाही. सोडा तर नाहीच. पत्रा उघडा पडला की त्याच दिवशी त्यावर पिवळा प्रायमर चढला पाहिजे, रात्रभर उघडा ठेवायचा नाही, आणि उघड्या पत्र्याला हाताचा घामही लागू द्यायचा नाही.

सोड्याचं ऐकताना झुंबरने चांगुणाकडे बघायचं टाळलं. चांगुणाने ताट उचललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, की हे पातेल्याबद्दल चाललंय की गाडीबद्दल.

पिवळा प्रायमर तू आणून देशील का, असं झुंबरने मेव्हण्याला विचारलं. कारभारीने कानाला हात लावला. फाटकावर झडती होते, तो म्हणाला, तिथून मी फक्त बोलणं बाहेर आणू शकतो.

*पिवळी*

प्रायमर रविवार कारंजा चौकातल्या रंगवाल्याने मुंबईहून मागवला. रंगनाथला तिसऱ्यांदा राजी करायला झुंबर स्वतः निफाडला गेला. रंगनाथ ऐकून घेऊन म्हणाला की ही शेवटची वेळ, आणि आता फोड आला तर गाडी दुसऱ्याकडे जाईल, पण त्याआधी तुझं नाव माझ्या गाडीवरून जाईल. झुंबर हो म्हणाला.

मग असं झालं:

तांबडा काढला. हिरवा काढला. रेडॉक्साइड काढला. सगळं हाताने, ओला पॉलिशकागद घासून.

जिथे पांढरं होतं तिथे कागद तोवर फिरवला जोवर खड्ड्याचा तळ चमकला नाही. तळ चमकला नाही तर तिथला पत्रा कापून काढला.

नवा तुकडा बसवताना रिव्हेट ॲल्युमिनियमचे.

सांगाड्याचं लोखंड आणि पत्रा यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. चांगुणाने कापल्या, कात्री बोथट होईपर्यंत.

आम्लाच्या पाण्याने पुसलं. साध्या पाण्याने धुतलं. फडक्याने कोरडं केलं. मग कुणी हात लावायचा नाही. शेडसमोरून जाणाऱ्या पाहुण्यालाही नाही, त्याला सांगितलं होतं की लांबूनच नमस्कार कर.

आणि उजेड जायच्या आत पिवळा.

गाडी नखशिखांत पिवळी झाली तेव्हा शेजारच्या कारखान्याची पाळी सुटत होती. कामगार डबे हलवत थांबले. एकाने विचारलं, हिला हळद लागली काय, लग्न कधी. झुंबर पहिल्यांदाच हसला.

पिवळ्यावर लांबी, लांबीवर पुन्हा पिवळा, आणि वर दुधी रंग. सगळं वाळल्यावर मागची लोखंडी शिडी, जिच्यावरून टपावर सामान चढवतात, ती जागेवर बोल्टने कसली. चांगुणाने नाव लिहिलं.

*दुधी*

एक्क्याऐंशीचा पावसाळा चांगला लागला. वाल्मीक येता-जाता निरोप ठेवायचा की दोन्ही कुशी स्वच्छ आहेत, पुढचं तोंड स्वच्छ आहे. पाठीबद्दल त्याने काही सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

दिवाळीनंतर झुंबर पंचवटीत भाजी घ्यायला गेला होता. बाजाराच्या टोकाला दुधी गाडी उभी होती, कुणाच्या तरी दशक्रियेला माणसं आली होती. तो खुशीत मागच्या बाजूला गेला. शिडीखाली फोड होते. डावीकडे, वर, पसरत गेलेले. आणि उजव्या कोपऱ्यात, जिथे चांगुणाचं अक्षर होतं, तिथे डांबराचा जाड फटका मारलेला होता.

घरी येऊन त्याने भाजीची पिशवी ठेवली आणि शेडमध्ये जाऊन गन साफ करत बसला. गन साफच होती.

चांगुणाने त्याला काय झालं ते बोलायला लावलं. मग तिने विचारलं की फोड कुठवर होते. त्याने हात वर करून दाखवलं.

“हिरवीला पण तितकेच वर होते?” तिने विचारलं.

हिरवी सगळीकडूनच उठली होती, झुंबर म्हणाला. पण तांबडीची पाठ कुशींपेक्षा जास्त खराब होती, आणि हो, हात पोचेल त्याच्या वर काही नव्हतं.

पाऊस वरून पडतो, चिखल खालून उडतो, चांगुणा म्हणाली. चिखल चाकाइतका उडेल. उभ्या माणसाचा हात पोचतो तिथवरच थांबणारं हे काय आहे?

सकाळच्या एसटीने दोघं निफाडला गेली.

*मळ्यात*

छाटणी झाली होती आणि वेलींना कोवळी पालवी फुटत होती. फवारणीचे दिवस. विहिरीजवळ लाकडी पिंपात बोर्डो मिश्रण चाललं होतं: एका बाजूने मोरचुदाचं निळं पाणी, दुसऱ्या बाजूने चुन्याची निवळी, आणि मध्ये काठी फिरवणारा गडी. पिंपाशी कुसाबाई हातात विळा घेऊन बसली होती. गाडी पलीकडे आंब्याखाली होती.

रंगनाथ बांधावरून आला. डांबर त्यानेच मारायला लावलं होतं आणि ते त्याने लपवलं नाही. बोललो होतो तसं केलं, म्हणाला. झुंबरने मान हलवली आणि फक्त गाडी बघू द्या अशी विनंती केली.

शिडीच्या पायापाशी चांगुणा उकिडवी बसली. खरवडायच्या पट्टीने तिने पहिला फोड उघडला. पांढरी भुकटी, नेहमीची. शिडीपासून लांबचा उघडला. भुकटी होती, पण ती झटकल्यावर खड्ड्याच्या तळाला बारीक तांबूस ठिपके दिसले. तिसरा उघडला. तसेच. पट्टीच्या टोकावर ते घेऊन ती उन्हात उभी राहिली. हा गंज नव्हता. गंज ती ओळखत होती, गंजाबरोबर संसार केला होता तिने.

कुसाबाई विळा हातात घेऊनच आली, कारण नवीन बाई आपल्या गाडीला काय करते ते तिला बघायचं होतं. तिने पट्टीचं टोक पाहिलं आणि हातातला विळा त्याच्या शेजारी धरला. विळ्याच्या पात्यावर आत्ताच पिंपातून काढल्यामुळे पातळ तांबूस साय धरली होती.

“ह्यो नि त्यो येकच रंग हाय,” ती म्हणाली.

मग तिने चांगुणाला विळ्याचं सांगितलं. मोरचुदात चुना कमी पडला तर मोरचूद लोखंडावर तांबं चढवतं, म्हणून मिश्रण झालं की विळा बुडवून बघायचा. तांबूस आला तर अजून चुना घालायचा. स्वच्छ आला तर फवारायला हरकत नाही. नाहीतर तेच पाणी पालवी जाळतं. म्हणून मोरचूद लोखंडाच्या घमेल्यात भिजवत नाहीत, जर्मनच्या पातेल्यात तर नाहीच नाही, भोकं पडतात.

“आन् हिथं गाडीला कोन पाजतंय ते?” कुसाबाईने विचारलं.

वाल्मीक चाकातली हवा बघत होता. चाकात हवा भरपूर होती.

चांगुणाने त्याच्याकडे पाहिलं. त्याची नखं निळसर होती. मळ्यातल्या सगळ्यांचीच होती, पण वाल्मीक फवारणीवर नव्हता, तो ड्रायव्हर होता. तिने त्याला भाऊ म्हणून हाक मारली आणि हळूच विचारलं की तुम्ही हिला काही लावता का.

वाल्मीक गाडीत चढला. सीटच्या मागून त्याने एक करवंटी आणि दाढीचा ब्रश काढून आणला. करवंटी आतून मोराच्या मानेसारखी निळी होती.

“भुरी आली व्हती ना,” तो म्हणाला. “फोड दिसला की टोचायचा, औषध लावायचं. हात पुरंल तितकं केलं. रोग वाढायच्या आत मारावा लागतो.”

तांबडी असल्यापासून तो हे करत होता. चुन्याने रंगावर डाग पडतो म्हणून चुना न घालता, नुसतं मोरचूद. जितके फोड वाढले तितकं औषध वाढवलं. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण गाडी आजारी आहे असं मालकाला रोज सांगायला त्याला बरं वाटत नव्हतं.

रंगनाथने तोंड उघडलं, पण कुसाबाई आधी बोलली.

“आरं येड्या, भुरीला गंधक लागतं. मोरचूद केवड्याला, त्यो येगळा रोग.”

“गंधकानं पिवळी पडली आसती,” वाल्मीक म्हणाला.

कुसाबाई हसली, मग गडी हसला, मग रंगनाथला रागावायला जागा राहिली नाही. फक्त झुंबर हसत नव्हता. तो शिडीच्या पायाशी वाकला होता. चांगुणाने उघडलेला पहिला फोड तिथे होता, त्यात तांबूस काही नव्हतं. लोखंडी शिडीचा पाय थेट पत्र्यावर बसला होता, मध्ये काही नाही. सगळ्या गाडीला ट्यूबच्या पट्ट्या घातल्या आणि शिडी शेवटी, रंग झाल्यावर, घाईने कसली.

त्याने वाल्मीकला जवळ बोलावलं आणि बोट ठेवून दाखवलं.

“हा पहिला माझा,” झुंबर म्हणाला. “बाकीचे तुझे.”

वाल्मीकने त्या बोल्टकडे, मग त्याच्याकडे पाहिलं आणि करवंटी पिंपामागे ठेवून दिली.

*पुन्हा पिवळी, पुन्हा दुधी*

पाठ पुन्हा सातपूरला आली, म्हणजे गाडीच आली, पण सगळे पाठच म्हणत होते. शिडीखालचा पत्रा कापून नवा घातला. बाकीच्या ठिकाणी चांगुणा प्रत्येक तांबूस ठिपका संपेपर्यंत घासत राहिली. एक जरी राहिला तरी तिथून सुरू होणार हे तिला आता विळ्याइतकं स्पष्ट होतं. वाल्मीक मुक्कामाला राहिला होता. त्याला तिने कागद दिला आणि घासायला बसवलं. तो इतका मन लावून घासायचा की त्याला थांब म्हणावं लागे, पत्रा संपेल. शिडीच्या चारही पायांखाली त्याने स्वतः रबर घातलं, आणि घातल्यावर पुन्हा काढून बघितलं की घातलंय ना.

पिवळा चढला. दुधी चढला. कोपऱ्यावरचं डांबर झुंबर काढायला गेला तेव्हा रंगनाथ म्हणाला की ते राहू द्या, आधी एक पावसाळा जाऊ द्या. चांगुणाचा चेहरा उतरला. झुंबरला ते बरोबर वाटलं. त्याने डांबराभोवती कागद चिकटवून रंग मारला, आणि दुधी गाडी कोपऱ्यात काळा डाग घेऊन निघाली.

ब्याऐंशीचा पावसाळा. वाल्मीक सातपूरवरून जाताना शेडसमोर हॉर्न द्यायचा. चांगुणा रंगाचे हात फडक्याला पुसत बाहेर यायची, गाडीच्या पाठीमागे जायची आणि तळवा सपाट ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायची, जसा तापलेल्या पोराच्या पाठीवर फिरवतात. काही लागत नव्हतं. ती हात उंच करायची, वाल्मीक आरशात बघून गिअर टाकायचा. आषाढात काही लागलं नाही. श्रावणात लागलं नाही. भाद्रपदात नदीला पाणी आलं, रस्त्यावरून वाहिलं, गाडी त्यातून गेली, पाठीवर तळवा फिरला आणि काहीच लागलं नाही.

मळ्यात कुसाबाईने गाडी धुवायची बादली वेगळी केली होती. तिच्या कडीला लाल चिंधी बांधली होती आणि पिंपाजवळ ती बादली दिसली तर गड्याला बोलणी बसायची.

शेडमध्ये एक मालट्रक आला. मग एक दुधाचा टँकर, ॲल्युमिनियमचा. टँकरवाला म्हणाला की भुरी काढणारा पेंटर तूच का.

*नाव*

तुळशीचं लग्न लागलं आणि रंगनाथच्या मुलाचं ठरलं. मुलगी पंचवटीतली. वऱ्हाड अर्थातच आपल्याच गाडीने जाणार होतं. झुंबर आणि चांगुणाला हळदीपासूनचं बोलावणं होतं. ती दोघं सकाळीच मळ्यात पोचली, झुंबर पांढऱ्या शर्टात, चांगुणा निळ्या काठाच्या नव्या पातळात.

गाडी धुऊन आंब्याखाली उभी केली होती. दुधी रंगावर सकाळचं ऊन असं पडलं होतं की पानांच्या सावल्या मोजता आल्या असत्या. झेंडूच्या माळा, पुढे नारळ, टपावर वऱ्हाडाच्या ट्रंका. वऱ्हाड चढलं. नवरदेव बाशिंग सांभाळत खिडकीशी बसला. वाजंत्री मागच्या बाकावर. वाल्मीकने इंजिन सुरू केलं.

कुसाबाई चढली नाही.

ती गाडीच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली होती. रंगनाथ धावत आला, म्हणाला मुहूर्त टळेल. कुसाबाईने काठीने कोपऱ्यातल्या डांबरावर टकटक केलं.

“नातवाचं वऱ्हाड काळं तोंड घेऊन नाय जानार,” ती म्हणाली. “आधी नाव.”

तिकडून आल्यावर लिहू, रंगनाथ म्हणाला. पाऊस झाला ना, ती म्हणाली. फोड आला का? मग. रंगनाथने डोक्यावरचा फेटा सारखा केला, चांगुणाकडे पाहिलं, आणि ज्या आवाजात तो लिलावात बोली लावायचा त्या आवाजात गड्याला रॉकेल आणायला सांगितलं.

डांबर लगेच निघेना. झुंबरने पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केल्या. वाल्मीक इंजिन बंद करून उतरला आणि दुसऱ्या फडक्याने घासू लागला. वऱ्हाडातले पुरुष उतरले, बायका खिडक्यांतून वाकल्या, पोरं टपावर चढली आणि वरून सल्ले देऊ लागली. पिपाणीवाल्याला वाटलं निघालो, त्याने सूर धरला, आणि मग कुणी गप्प केलं नाही म्हणून तो वाजवतच राहिला. काळ्याबरोबर जुन्या नावाचा रंगही पुसला गेला, आणि खालून दुधी निघाला, सपाट, नखाएवढाही फुगवटा नसलेला.

वाल्मीकने सीटच्या मागून रंगाची डबी आणि ब्रश आणला. चांगुणाने ब्रश नाकाशी नेला.

“ह्याने औषध लावलेलं नाही ना, भाऊ?”

नवा हाय ताई, वाल्मीक म्हणाला, आणि कान लाल होईस्तोवर हसला.

तिने पदर खोचला आणि उकिडवी बसली. झुंबर शेजारी डबी धरून उभा राहिला. ब्रश पत्र्याला लागणार तेवढ्यात त्याने तिला थांबवलं. नेहमीचं नको, म्हणाला, तुझंही घाल. ती म्हणाली कोपरा केवढासा आहे. कुसाबाईने काठीने गाडीची सगळी पाठ दाखवली आणि जागा लय हाय असं सांगितलं.

चांगुणाने पहिल्यांदा जरा मोठं अक्षर काढलं. पिपाणी चालू होती, रॉकेलचा वास होता, नवरदेव बाशिंगातून बघत होता. लिहून झाल्यावर कुसाबाईने वाल्मीकला वाचायला लावलं, कारण तिला वाचता येत नव्हतं आणि रंगनाथवर याबाबतीत तिचा विश्वास उरला नव्हता.

“झुंबर-चांगुणा, सातपूर,” वाल्मीकने वाचलं, सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल असं.

पेंटर कुठं गेलं, असं रंगनाथने विचारलं. जागा पुरली नाही, झुंबर म्हणाला.

गाडी निघाली. अक्षरं ओली होती म्हणून ओझरपर्यंत वाल्मीकने ती बैलगाडीच्या चालीने नेली, धूळ बसू नये म्हणून. मागून येणारे हॉर्न देत होते. पुढे जाताना जो तो वळून कोपऱ्यात काय लिहिलंय ते वाचत होता, आणि मागच्या काचेतून चांगुणा त्यांना वाचताना बघत होती. झुंबर तिच्या शेजारी बसला होता, पांढऱ्या शर्टावर डांबराचे डाग घेऊन, आणि प्रत्येक वाचणाऱ्याला मान लववून रामराम करावा की जयभीम, हे न ठरल्यामुळे नुसता हसत होता. ओझरला एक विमान उडालं. मुहूर्त गाठला.

वाल्मीकच्या बापाची द्राक्षबाग एकोणसत्तर साली केवड्याने गेली. त्या वर्षी त्यांना फवारायला उशीर झाला होता.